लाइट तोडायला शिडी लागते

आदरणीय ताई,

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत सासू-सासऱ्यांबरोबर राहते. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. साखर कारखान्याच्या हिशोब खात्यात त्यांनी 34 वर्षं काढली. ताळमेळात पैचा फरक राहिला तर रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही, असं सासूबाई सांगतात.

बुधवारी संध्याकाळी त्यांना फोन आला. मागचं वीजबिल ‘अपडेट’ झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइट तोडणार. मग व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, ती उघडून 12 रुपये भरायला सांगितले. अण्णांनी भरले. रात्री अकरानंतर खात्यातून आधी 50,000, मग 49,500 गेले. त्यानंतर 1,25,000 ची ठेव मोडून त्यातले 1,24,000 गेले. एकूण 2,23,500. घरात कुणाला एक शब्द बोलले नाहीत. मला शनिवारी कळलं, तेही दुसऱ्याच फोनमुळं. ‘सायबर विभागातले’ कुणी साहेब सांगत होते, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला 8,500 रुपये फी भरा. आणि अण्णा ते पाठवायला शेजारच्या पोराला हाक मारत होते.

अण्णा जेवत नाहीत. ‘पोराला कळलं तर मी तोंड दाखवणार नाही’ म्हणतात. मोबाइल विकून बटणाचा घेणार म्हणतात. पैसे मिळतील का? ती फी भरायची का? मिस्टरांना सांगू का नको? आणि अण्णांशी बोलू तरी कसं? मी सून, माझं काय ऐकणार?

एक सून, मंगळवार पेठ


सूनबाई,

मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. तुझं पत्र शनिवारी रात्री वाचलं आणि रविवारी सकाळी सातला तुला फोन केला, कारण सदर छापून यायची वाट बघत बसण्यातलं हे प्रकरण नव्हतं. तेव्हा घाईत बोलले ते आणि बोलायचं राहिलं ते, दोन्ही आज नीट लिहिते. या गावात अण्णा काही एकटे नाहीत. त्यांच्यासारखे जे गप्प बसलेत त्यांच्याही घरी हे कुणीतरी मोठ्यानं वाचावं.

आधी त्या 8,500 चं. एक रुपया देऊ नका. तो साहेब म्हणजे त्याच टोळीतला, नाहीतर त्यांच्याकडून यादी विकत घेतलेला दुसरा चोर. फसलेल्या माणसांची नावं, नंबर, गेलेली रक्कम, सगळ्याच्या याद्या विकल्या जातात. अण्णांचा आकडा त्याला तंतोतंत माहीत होता, म्हणून अण्णांना तो खरा वाटला. चोरालाच चोरीचा आकडा पक्का ठाऊक असणार, हे घाबरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. पोलीस असोत, सायबर फसवणुकीच्या तक्रारीची 1930 ही सरकारी हेल्पलाइन असो की बँक, ‘पैसे सोडवून देतो’ म्हणून फोनवर फी कुणी मागत नाही. असे आणखी फोन येतील. कधी वकील म्हणून, कधी रिझर्व्ह बँकेचा अधिकारी म्हणून. या महिन्यात अण्णांचा फोन तू किंवा सासूबाईंनी घ्यायचा.

आता पैशांचं. सगळे मिळतील असं मी म्हणणार नाही. काही मिळू शकतात, आणि का ते समजून घे. अण्णांच्या खात्यातून निघालेले पैसे थेट चोराच्या खिशात पडत नाहीत. ते आधी कुणातरी तिऱ्हाइताच्या खात्यात जातात, तिथून तुकडे होऊन चार खात्यांत, तिथून आणखी पुढं, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून नोटा होऊन किंवा क्रिप्टो होऊन नाहीसे होतात. 1930 वर तक्रार नोंदली की ती एकाच यंत्रणेतून पहिल्या बँकेला, तिथून पुढच्या बँकेला जाते, आणि ज्या खात्यात जेवढी रक्कम अजून पडून असेल तेवढी तिथंच अडवली जाते. ही शर्यत आहे आणि चोर आधीच पुढं पळालेला असतो. म्हणून पहिल्या तासाला एवढी किंमत. अण्णांनी त्याच रात्री फोन केला असता तर चित्र बरंच वेगळं असतं. तरी चार दिवस उशीर होऊनही, परवा तू कळवलंस तसे, एका खात्यात 38,000 रुपये अडकलेले सापडले. ते हातात यायला अर्ज करावा लागतो, कधी न्यायालयाचा आदेशही लागतो. वेळ जाईल. पण ते आता कुणी पळवू शकत नाही.

दुसरी वाट बँकेची. मी तिथं काऊंटरच्या आत 31 वर्षं बसले, त्यामुळं हे नियम मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहेत. रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये घालून दिलेला नियम असा, की ग्राहकाच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत ग्राहकानं कळवलं, तर त्याच्यावर काही भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर काही भाग सोसावा लागतो. त्यापुढं बँकेच्या आपल्या धोरणावर. सहकारी बँकांनाही असाच नियम आहे, आणि आपल्या जिल्ह्यात निम्म्या घरांची पुंजी सहकारी बँकेत असते म्हणून हे मुद्दाम सांगते. मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत, सुट्ट्याही मोजत नाहीत. बुधवारची रात्र, मग गुरुवार, शुक्रवार. दुसरा शनिवार आणि रविवार बँक बंद. म्हणून मी तुला सांगितलं की सोमवारी बँकेचं दार उघडताना अण्णा बाहेर उभे पाहिजेत. तू त्यांना नेलंस, लेखी अर्ज दिलास, पोच घेतलीस. शाब्बास. ती पोच देवघरात ठेव.

बँक मात्र म्हणेल, की तुम्हीच ॲप घातलंत, तुम्हीच पिन दिलात, हा तुमचा निष्काळजीपणा. ग्राहकानं स्वतःहून ओटीपी-पिन दिला असेल तर बँकेला कळवण्याआधीचं नुकसान त्याचं, हेही त्याच नियमात आहे. पण चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. अण्णांनी ओटीपी कुणाला सांगितला नाही, तो फोनमधून चोरला गेला. शिवाय रात्री अकरानंतर 67 वर्षांच्या माणसाची ठेव मोडून पैसे अनोळखी खात्यात जातात आणि बँकेला त्यात काही वावगं दिसत नाही, हे अर्जात जरूर लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फुकट. चौकशीचा नंबर 14448.

पोलिसांचं एवढंच, की सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरची तक्रार म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर मिळालेला पोच क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. पोलीस अधीक्षक कार्यालय कसबा बावडा रस्त्यावर आहे, सायबर पोलिसांची चौकशी तिथं कर. आणि अण्णांचा तो फोन अजून साफ करू नका. ती फाइल, तो नंबर, चॅट, सगळ्याचे दुसऱ्या फोननं फोटो काढून ठेवा आणि पोलिसांना विचारूनच फोन फॉरमॅट करा. तोवर त्यात सिम नको, वायफाय नको.

इथवर कागदपत्रांचं झालं. तू खरं विचारलंस ते वेगळं आहे. अण्णांशी बोलायचं कसं.

त्याआधी त्यांच्याकडून नेमकं काय झालं ते तुला कळायला हवं. घरात सगळे ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणतील, आणि त्याचं उत्तर आपल्याजवळ असायला हवं. बिल म्हणून आलेली ती फाइल म्हणजे एक ॲप होतं. नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं असतील, बघ. फोटो किंवा कागद उघडला तर तो नुसता दिसतो. एपीके उघडली की फोनमध्ये नवा भाडेकरू राहायला येतो. आल्या आल्या तो मेसेज वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतो, आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो. 12 रुपये भरताना अण्णांनी कार्डाचा नंबर आणि पिन टाकला, तो गेला चोराकडं. पुढं बँकेचे ओटीपी अण्णांच्याच फोनवर आले आणि अण्णांनी बघायच्या आत तिकडं पोचले. त्या 12 रुपयांचा उपयोग एवढाच, की अण्णांचं लक्ष तिकडं राहावं. लहानपणी वडील मला खासबागेत कुस्त्या दाखवायला न्यायचे. ते म्हणायचे, पैलवान वर मानेला हात घालतो तेव्हा त्याच्या पायाकडं बघ, तो पट काढणार आहे. तसंच हे.

हीच फाइल आज वीजबिल म्हणून येते, उद्या आरटीओचं चलन म्हणून, परवा पीएम किसानचा हप्ता म्हणून. लग्नसराईत पत्रिका म्हणून येते. तीही ओळखीच्या नंबरावरून, कारण त्या ओळखीच्या माणसाचं व्हॉट्सॲप आधीच चोरानं बळकावलेलं असतं. आपल्याकडं पत्रिका न उघडणं म्हणजे अपमान. मग उघडलीच जाते.

आणि इथंच मला वाटतं अण्णा सापडले. ते अडाणी म्हणून फसले नाहीत, रीतभात पाळणारे म्हणून फसले. कारखान्यात 34 वर्षं साहेबांचा फोन आला की उभं राहून घ्यायचा, ‘हां साहेब’ म्हणायचं, सांगितलेलं काम त्याच दिवशी संपवायचं. थकबाकी या शब्दाचीच लाज वाटणारा माणूस. चोराला असाच माणूस हवा असतो. हेलपाटे घालायला लावणारा, ‘बघू, उद्या भरू’ म्हणणारा माणूस त्याच्या काही कामाचा नाही. आमच्या बँकेत वर्षानुवर्षं थकलेली कर्जखाती होती. त्यातल्या कुणाला वीज तोडायची धमकी दिली असती तर ‘तोडा की’ म्हणाले असते.

तेव्हा अण्णांना सावध राहा वगैरे सांगू नकोस. सावधच होते ते. त्यांना उद्धट व्हायला शिकव. निदान फोनवर तरी. अनोळखी माणसाचा फोन मध्येच ठेवणं हा त्यांच्या पिढीला अपमान वाटतो. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं, मग ‘ठेवू का?’ विचारायचं. हेच मोडायचंय. त्यांना एकच वाक्य पाठ करायला लाव, ‘मी ऑफिसात येऊन भेटतो,’ आणि फोन ठेवायचा. उत्तराची वाट बघायची नाही.

कारण हे कोल्हापूर आहे, सूनबाई. इथं कुठलंही ऑफिस रिक्षानं वीस मिनिटांपेक्षा लांब नाही. महावितरणचं ऑफिस ताराबाई पार्कात आहे, बँक तुमच्या पेठेत आहे, पोलीस बावड्याच्या रस्त्याला. खऱ्या ऑफिसला दार असतं, आत बाकडं असतं, बाकड्यावर तासभर बसवून ठेवणारा क्लार्क असतो. चोराला यातलं काही देता येत नाही. म्हणून तो घाई करतो. आज रात्री साडेनऊ! अगं, वीज तोडायची तर वीज कायद्याप्रमाणं पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि मग शिडी घेऊन वायरमन येतो. त्याला आपण चहाही विचारतो. आता स्मार्ट मीटर येतायत, कदाचित शिडीची गरज उरणार नाही. पण 15 दिवसांची नोटीस तरीही चुकत नाही. आणि साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून महावितरण असले मेसेज पाठवत नाही.

‘डिजिटल अटक’ म्हणून जो प्रकार ऐकतेस, त्यातही हेच. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस, मागं पोलीस ठाण्याचा देखावा, ‘फोन बंद केला तर अटक’. कायद्यात असल्या अटकेला जागाच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. तरी माणसं अडकतात, कारण खाकी दिसली की आपण बसल्या जागी सावरून बसतो.

आता माझं ऐक. बँकेत 31 वर्षं काढलेली बाई, निवृत्त झाल्यावर दीड वर्षानं, एका कुरिअरच्या मेसेजला फसली. पत्ता अपुरा आहे, 25 रुपये भरा, पार्सल पुन्हा पाठवतो. मी खरंच एका पार्सलची वाट बघत होते, नातीचा फ्रॉक होता. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला, टाकला. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते. ती मी ग्राहकांना हजार वेळा वाचायला सांगितली होती. मीच वाचली नाही. 18,400 गेले. आणि मी नऊ दिवस कुणाला सांगितलं नाही. नऊ दिवस! सात दिवसांचा नियम मला तोंडपाठ असताना. ज्या शाखेत लोक मला मॅडम म्हणायचे तिथं जाऊन ‘मी फसले’ म्हणायचं धैर्य नव्हतं. शेवटी मिस्टरांनी पासबुक भरून आणलं तेव्हा बाहेर पडलं. ते एवढंच म्हणाले, ‘फ्रॉक आला का पण?’ आजही त्या वाक्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

म्हणून तुझ्या नवऱ्याचं सांगते. त्याला सांगायचंच, आणि आजच. पण तू नाही, अण्णांनी सांगायचं. तू आधी गुपचूप सांगितलंस आणि मग त्याचा चिडून फोन आला, तर अण्णांना पोराबरोबर सूनही गेल्यासारखं वाटेल. त्यांना म्हण, ‘अण्णा, तुम्ही बोला, मी शेजारी बसते.’ आणि नवऱ्याला आधी फक्त एवढा निरोप दे, की अण्णा आज एक गोष्ट सांगतील, ती संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, आणि ‘कितीदा सांगितलं होतं’ हे वाक्य या घरात सहा महिने बंद. तो चिडला तर त्याला माझे नऊ दिवस सांग.

एक गोष्ट गंभीरपणे घे. जेवण सुटलंय, ‘तोंड दाखवणार नाही’ म्हणतायत. हे नुसतं बोलणं समजून सोडू नकोस. काही दिवस त्यांना एकटं ठेवू नका. झोप लागत नसेल, निरवानिरवीचं बोलायला लागले, तर तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. 14416 ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तूही फोन करू शकतेस, कसं बोलायचं ते विचारायला.

आणि अण्णांना काम दे. ‘तुम्ही आराम करा, आम्ही बघतो’ म्हणालात की ते आणखी खचतील. हिशोबाचा माणूस आहे, हिशोब त्यांच्याच हातात दे. एक नवी वही आण, लाल रेघांची. बुधवारपासूनची कीर्द त्यांनी लिहायची. किती वाजता कुठल्या नंबरावरून फोन, किती वाजता कुठली रक्कम नावे पडली, प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, कुठल्या अर्जाची पोच कधी मिळाली, बँकेत कोण काय म्हणालं. यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक 12 आकडी असतो, त्यातला एक आकडा चुकला तर तक्रार भलतीकडं जाते. हे काम तुझ्या नवऱ्यापेक्षा अण्णा चांगलं करतील. अडवलेले 38,000 जमेच्या बाजूला लिहायला सांग. ‘सून म्हणून माझं काय ऐकणार’ म्हणतेस, पण तू त्यांना उपदेश करणारच नाहीयेस. तुला हिशोब कळत नाही म्हणून मदत मागणार आहेस.

थोडं विषयांतर, पण पेठेतल्या तरुण पोरांसाठी लिहायलाच हवं. अण्णांचे पैसे ज्या पहिल्या खात्यात गेले ते कुणाचं असेल? बहुतेक कुठल्या तरी गावातल्या पोराचं, ज्याला कुणीतरी सांगितलं की तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो. त्याला वाटतं आपण काही चोरलं नाही. पण पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये दरोडा पडला, दोन दिवसांत सुमारे 94 कोटी गेले, त्यातले बहुतेक 28 देशांतल्या एटीएममधून. डोकं कुठं परदेशात बसलेलं. पण बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभं राहायला हाडामांसाची माणसं लागली, आणि त्या एटीएमच्या यादीत आपलं कोल्हापूरही होतं. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना शिक्षा सुनावली. परदेशातलं डोकं नव्हे, सापडले ते हात. तालमीत, कट्ट्यावर कुणी खातं भाड्यानं मागत असेल तर त्याला वेळीच हाकला.

पुढची सोय काय करायची तेही सांगते. थोडक्यात, कारण एकाच दिवशी सगळं अंगावर घेतलंस तर काहीच होणार नाही. बँकेत जाऊन ठेवी ऑनलाइन मोडायची सोय बंद करता येते का ते विचार, आणि ऑनलाइन पाठवायची दिवसाची मर्यादा पाच हजारावर आणून ठेवायला सांग. लाखाची मर्यादा निवृत्त माणसाला कशाला? दूधवाल्याला, भाजीवाल्याला द्यायला एक वेगळं लहान खातं काढ, त्यात दोन-तीन हजारच ठेवायचे, यूपीआय फक्त त्यालाच जोडायचं. पेन्शनच्या खात्याला कसलंच ॲप नको. पिन टाकायचा तो पैसे देताना, घेताना कधीच नाही, हे सासूबाईंनाही सांग. भिशीचे पैसे आता त्याही मोबाइलवर घेतात ना? घरातल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लाव. आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात, तेही करून टाक, लागेल तेव्हा उघडता येतं. आणि घरात एक खुणेचा शब्द ठरवा. आजकाल यंत्रानं आवाजाची नक्कल करतात. उद्या नवऱ्याच्या आवाजात ‘अपघात झालाय, पैसे पाठव’ असा फोन आला तर तो शब्द विचारायचा. आमच्या घरातला शब्द एका मिसळीच्या हॉटेलचा आहे. कुठलं ते सांगणार नाही, नाहीतर रश्श्यावरून वाद सुरू होईल.

राहिला बटणाचा फोन. इथं मात्र अण्णांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते त्यांना माझ्या नावानं सांग. स्मार्टफोन विकू नका. नातवंडांचे फोटो, भजनं, गावाकडचा ग्रुप, एवढ्यावर त्यांचा दिवस जातो, तो कशाला तोडायचा. पण पेन्शनच्या खात्याला जोडलेलं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका. ओटीपी तिथं येतील. त्या फोनमध्ये एपीके शिरत नाही, आणि दुसऱ्या कुणाला आपल्या फोनवर ते खातं उघडायचं झालं तर त्याच सिमवरून मेसेज जावा लागतो, तो जाणार नाही. स्मार्टफोनला दुसरा नंबर घ्या, व्हॉट्सॲप आणि ते लहान खातं त्यावर. दोन फोन सांभाळायचा कंटाळा येईल, पण अण्णांनी दोन-दोन खतावण्या सांभाळल्यात.

एवढं मात्र बघ, की तो बटणाचा फोन कपाटात पडून राहता कामा नये. बँकेचा मेसेज आला आणि कुणी वाचलाच नाही तर तीन दिवस तसेच निघून जातात. रोज सकाळी चहाच्या वेळी चार्जिंगवरून काढून अण्णांनी मेसेज बघायचे आणि वहीत नोंद करायची. वहीचं पहिलं पान भरलं की मला फोटो पाठव.